दुसऱ्याची बाजू

"तो माणूस खोटं बोलतोय, एवढंच मला तुमच्याकडून लेखी हवंय," हेमांगी निगुडकर म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

त्या वकील होत्या. कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांचं ऑफिस होतं आणि मी पुण्याहून सकाळची गाडी धरून तिथे पोचलो होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी लेखनशैली तपासायचं काम करायचो. म्हणजे एखादा मजकूर नेमका कोणी लिहिलाय असा वाद असला, की संगणकावर त्यातले शब्द मोजून सांगायचो. माझी आई चारचौघांत म्हणायची, "आमचा दिलीप शब्द मोजतो आणि त्याचा पगार देतात त्याला." ऐकणारे माझ्याकडे बघून हसायचे आणि मीही त्यांच्यात सामील व्हायचो.

"मोजल्याशिवाय कसं लिहून देऊ?" मी म्हणालो.

"मग मोजा. निकाल मला आत्ताच ठाऊक आहे."

वाद असा होता. हेमांगीताईंचे वडील, प्राध्यापक वसंत निगुडकर, यांचं 'देहानंतर' हे पुस्तक एके काळी फार गाजलेलं. माणूस मेल्यावर काही उरतं का, हा एकच प्रश्न त्यात धरलेला. पूर्वार्धात आत्मा मानणाऱ्याचं म्हणणं, अगदी मनापासून मांडलेलं. उत्तरार्धात त्याच म्हणण्याचा एकेक टाका उसवत नेलेला, शेवटी हातात काही शिल्लक राहू नये असा. निगुडकरांचं पक्के नास्तिक म्हणून नाव झालं ते या उत्तरार्धामुळे. ते गेल्यावर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघणार असं जाहीर झालं, आणि त्यांचे जुने स्नेही शंकर हुपरीकर मास्तर यांनी वर्तमानपत्रात दोन ओळींचं निवेदन दिलं. उत्तरार्ध माझ्या हातचा आहे, नव्या आवृत्तीत त्यावर निगुडकरांचं नाव घालू नये.

"कोण हे हुपरीकर?" मी विचारलं.

"शाळेत संस्कृत शिकवायचे. बाबांचे कॉलेजपासूनचे दोस्त. मी त्यांच्या मांडीवर वाढले म्हणा ना. रोज सकाळी तासभर पूजा करणारा माणूस तो. आणि तो म्हणतो, आत्मा नाही हे मी लिहिलं! काही लाज?"

"म्हातारपणी कीर्तीची हाव सुटली असेल."

"बाबा असताना तोंड उघडायचं होतं मग." त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "माने, हे माझ्यासाठी नुसतं पुस्तक नाहीये. बाबा गेले तेव्हा मी एकही विधी केला नाही. देहदान केलं. दहावं नाही, तेरावं नाही, काही नाही. आई पाया पडायची तेवढी बाकी राहिली होती. मी सगळ्यांना उत्तरार्धाचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, बाबांनीच लिहून ठेवलंय. आई दुसऱ्या दिवशी सांगलीला मामाकडे निघून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही. तिची आठवण आली की मी तेच प्रकरण काढून वाचते आणि उभी राहते. आता ते बाबांचं नसेल, तर मी काय करून बसले?"

हे शेवटचं बोलताना त्यांचा वकिली आवाज राहिला नव्हता. मला त्यांची दया आली, आणि हे काम आपण घेऊ नये असंही वाटून गेलं. पण घेतलं.

आमच्या कामात मोठे शब्द कामाचे नसतात. 'आत्मा', 'चैतन्य', 'प्रमाण' हे शब्द विषयाबरोबर कोणीही वापरतो. माणूस सापडतो तो किरकोळ शब्दांत. 'पण' म्हणतो की 'परंतु', 'तर' कुठे टाकतो, 'मात्र' किती वेळा, वाक्य केवढं लांबवतो. लिहिणाऱ्याचं तिकडे लक्ष नसतं, म्हणून ते बदलतही नाही. चालण्याची लकब असते ना, पाठमोरा माणूस लांबून ओळखू येतो, तसंच हे. निगुडकरांचं वर्तमानपत्रातलं वीसेक वर्षांचं लेखन मला मिळालं. मास्तरांचे शाळेच्या वार्षिकांतले लेख आणि स्तोत्रांवरचं एक छोटं पुस्तक मिळालं. दोघांच्या लकबी इतक्या वेगळ्या होत्या, की हे काम दोन दिवसांत उरकेल असं मी ऑफिसात सांगून टाकलं.

निकाल पडद्यावर आला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. उत्तरार्ध मास्तरांचा निघाला. ते एक वेळ पचलं असतं. पण पूर्वार्ध निगुडकरांचा निघाला. आस्तिक मास्तरांनी आत्मा नाही असं लिहिलेलं, आणि नास्तिक निगुडकरांनी आत्मा आहे असं. सरळ होतं की माझ्या हातून दोघांच्या नमुन्यांची अदलाबदल झाली होती. मी सगळं पुसून पहिल्यापासून केलं. तेच आलं. प्रकरणं सुटी करून केलं, तरी तेच. शेवटी सहकाऱ्याला नावं झाकून करायला दिलं. तो म्हणाला, "हे दोघं जण स्पष्ट वेगळे आहेत, यात अडचण काय आहे?" अडचण काय आहे ते त्याला सांगत बसलो नाही.

फोनवर हे सांगायची हिंमत होईना. पुन्हा कोल्हापूर गाठलं.

हेमांगीताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं यंत्र बिघडलंय."

"तीनदा तपासलं."

"अहो, दुसऱ्याचा हात असलाच तर तो पूर्वार्धात असेल. तो बाबांचा? 'दिवा विझला म्हणून उजेड मेला का' असलं लिहितील बाबा? मी तो भाग आजवर धड वाचलेलासुद्धा नाही. लोक रडतात म्हणे वाचून. बाबा देवळाची पायरी चढले नाहीत कधी!"

"तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण लिहिणारा हात त्यांचाच आहे."

त्या उठल्या. पर्स घेतली, कपाट लावलं. "चला. त्यांनाच विचारू. तुमच्यासमोर विचारते."

मास्तर मंगळवार पेठेत दोन खोल्यांच्या घरात राहत होते. दार त्यांनीच उघडलं. किडकिडीत, उंच, कपाळावर सकाळचं गंध. हेमांगीताईंना पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि मग आपलं भांडण चालू आहे हे आठवल्यासारखा उतरला.

"ये हेमू. बस की. काकू अंबाबाईला गेलीय, यायला वेळ आहे. चहा मलाच करावा लागेल, तेवढा गोड मानून घ्या."

"चहा नको, हुपरीकर."

'काका' सोडून 'हुपरीकर' ऐकल्यावर मास्तर हळूच खाटेवर बसले. मी कोण, काय तपासलं आणि काय निघालं, ते मी थोडक्यात सांगितलं. पूर्वार्ध निगुडकरांचा निघाला असं म्हटल्यावर ते चमकले.

"तेसुद्धा कळतं होय तुम्हाला?" ते म्हणाले. "वसंताला आवडलं असतं हे. त्यानं तुम्हाला दिवसभर सोडलं नसतं."

"म्हणजे खरं आहे?" हेमांगीताईंचा आवाज चढला.

"खरं आहे. आमचा एक नियम होता बघ. कॉलेजात असल्यापासून भांडायचो आम्ही, देव आहे, देव नाही. एकदा हमरीतुमरीवर आलो, तेव्हा ठरवलं. जुन्या लोकांची वादाची रीत होती ना, आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, मगच आपलं. आम्ही ती जरा ताणली. आपली बाजू आपण मांडायचीच नाही. माझी तू मांड, तुझी मी मांडतो. आणि समोरचा 'हं, हेच मला म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत मांडत राहायचं."

"आणि पुस्तक?"

"तसंच लिहिलं. त्याची बाजू मी, माझी त्यानं. एकेक प्रकरण त्यानं मला पाच-पाच वेळा परत केलंय. 'शंकऱ्या, यात तुझी भीती दिसतेय, माझं म्हणणं दिसत नाही,' म्हणायचा. पुस्तक झाल्यावर मीच म्हटलं, माझं नाव नको. आमची शाळा देवस्थानची. आत्मा नाही म्हणणाऱ्या पुस्तकावर माझं नाव दिसलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो."

हेमांगीताई खुर्चीत मागे टेकल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्या डोळ्यांदेखत ओसरला आणि मलाही हायसं वाटलं.

"मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "हात तुमचा असेल, काका. पण विचार बाबांचे. तुम्ही ते फक्त शब्दांत घातले, आणि त्यांनी पसंत केले. नाव त्यांचं राहील. हवं तर तुमचंही घालू. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, माफ करा."

"विचार त्याचेच," मास्तर म्हणाले. "तेव्हाचे."

शब्द तोंडातून निसटला आणि त्यांनी तो परत घ्यायला हात हलवलेलाही मी पाहिला. समोर वकील बसली होती, ती कसली सोडते!

"तेव्हाचे म्हणजे?"

"म्हणजे तेव्हाचे. तरुणपणातले. माणूस बोलतो आपलं."

"काका, तुम्हाला उत्तरार्धावर तुमचं नाव हवंय का?"

"हवंय की. म्हाताऱ्याची हौस."

मला गप्प बसवेना. निवेदनाच्या त्या दोन ओळी मी कामापोटी इतक्या वेळा वाचल्या होत्या, की पाठ झाल्या होत्या. "मास्तर," मी म्हणालो, "तुमच्या निवेदनात तुमचं नाव घाला असं कुठेच नाही. निगुडकरांचं नाव घालू नका, एवढंच आहे."

हेमांगीताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. हे त्यांच्याही वाचण्यातून निसटलं होतं. रागात वाचलं की असं होतं. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

"काका, मी कोर्टात माणसं बोलती करते," हेमांगीताई म्हणाल्या. "तुमच्यावर ती पाळी आणू नका."

"नको विचारूस हेमू."

"बाबांचं नाव का नको?"

"त्यालाच नको होतं ते," मास्तर म्हणाले.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"सांगतो," मास्तर म्हणाले. "काकू यायच्या आत सांगतो, कारण यातलं अर्धं तिलाही ठाऊक नाही. दुसऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, हा खेळ सोपा वाटतो. पण दोन वर्षं रोज तेच करायचं म्हणजे ते अंगात शिरतं. मी वसंताची बाजू लिहिता लिहिता रिकामा झालो. शेवटचं प्रकरण लिहिलं त्या दिवशी देवासमोर बसलो आणि समोर नुसती पितळेची मूर्ती होती. तेव्हापासून नुसती पितळेचीच आहे. पूजा करतो ती काकूसाठी. तिला कळलं तर ती खचेल."

"आणि बाबा?"

"तो माझी बाजू लिहीत होता."

हेमांगीताईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. "खोटं आहे," त्या म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

"आधी तोही हसायचा. म्हणायचा, शंकऱ्या, तुझा रोग मला लागला आणि माझा तुला. मग हसायचा बंद झाला. आजारपणात तर रोज बोलावून घ्यायचा. म्हणाला, पुन्हा छापतील तेव्हा उत्तरार्धावर माझं नाव नको. ते मी आता म्हणत नाही."

"मला का नाही सांगितलं? मी रोज त्यांच्या उशाशी होते! औषधं मी देत होते!"

"लाजला तो तुला. म्हणाला, पोरीला मीच यावर वाढवलं. माझ्या पुस्तकासाठी ती सगळ्या नातेवाइकांशी भांडली. आता मरताना कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, मला आता तसं वाटत नाही? त्याचं एवढं एकच चुकलं बघ. तुला कळलं असतं."

"आणि तुम्ही? ते गेले त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?"

"आलो होतो की. गावाला होतो, निरोप मिळाला तसा निघालो. पोचलो तर मेडिकलची गाडी निघून गेलेली. तू दारात उभी होतीस, ते प्रकरण हातात घेऊन. सगळे एका बाजूला आणि तू एकटी. तेव्हा सांगू तुला, की तुझ्या हातात आहे ते माझं आहे, त्याचं नाही? माझी जीभ रेटली नाही. मग वाटलं, जाऊ दे, पुस्तक जुनं झालंय, कोण वाचतंय. आणि तू नवी आवृत्ती काढायला घेतलीस."

म्हणून हा माणूस चोर ठरायला तयार झाला होता. शब्द राखायचा तर नाव काढायला हवं, आणि का काढायचं ते सांगायची सोय नाही. गावात लोक त्यांना काय काय बोलत होते ते मी ऐकून होतो. पहिल्या दिवशी तर मीही बोललो होतो.

हेमांगीताई रडतील असं मला वाटलं होतं. त्या संतापल्या. उठून उभ्या राहिल्या आणि त्या दोन पावलांच्या खोलीत फिरू लागल्या.

"म्हणजे आईचं बरोबर होतं. मी तिला अडाणी म्हटलं. माझ्या आईला! आणि बाबा तिच्या बाजूचे होते. त्या घरात एकटी मीच बाबांच्या विरुद्ध उभी होते आणि मला वाटत होतं, मी एकटीच त्यांच्या बाजूनं आहे."

"हेमू..."

"काय हवं होतं त्यांना? सगळे विधी? पिंड, कावळा, सगळं?"

"छे. तेवढा नव्हता बदलला तो. भटजींशी त्याचं शेवटपर्यंत जमलं नाही." मास्तर किंचित हसले. "एवढंच म्हणाला, सर्वपित्रीला कोणी तरी माझ्या नावानं पाणी सोडा. असेन कुठे, तर बरं वाटेल."

त्या थांबल्या. "मग? कोणी सोडलं?"

मास्तरांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"मी सोडतो. दर वर्षी. पंचगंगेच्या घाटावर जातो, काकूला सांगतो वडिलांसाठी. तर्पणात मित्राचं नाव घेता येतं."

"तुम्ही? तुमचा तर विश्वास नाही म्हणता!"

"माझा नाही," मास्तर म्हणाले. "त्याचा होता."

हेमांगीताई मटकन खुर्चीत बसल्या. आता रडल्या. तोंडावर पदर घेऊन, अजिबात आवाज न करता. मी उठून बाहेर जावं की बसून राहावं ते मला कळेना, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत राहिलो. पितृपंधरवडा सुरू झाला होता, हे तेव्हा लक्षात आलं. मास्तर पाणी आणायला आत गेले, आणि तांब्या भरल्याचा आवाज येऊनही बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आले तेव्हा हेमांगीताईंनी डोळे पुसले होते. त्यांनी तांब्या घेतला, पाणी प्यायल्या आणि तांब्या हातातच धरून बसल्या.

"तो हक्क माझा होता, काका," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे माझं काम करत होता."

"होय. तुझंच होतं."

"मुलीनं सोडलेलं चालतं?"

"शास्त्राला विचारतेस की मला?"

"तुम्हाला."

"चालतं."

त्या खाली बघत राहिल्या. मग, मी जवळ बसलो नसतो तर मलाही ऐकू आलं नसतं इतक्या हळू म्हणाल्या, "पण माझाही विश्वास नाही. आत्ता हे सगळं ऐकूनसुद्धा नाही. तुम्ही जे लिहिलंत ना उत्तरार्धात, ते मला अजून खरं वाटतं. तरी चालेल?"

मास्तर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे धरत, हळूहळू, म्हातारी माणसं बसतात तसे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"मी तरी कुठं विश्वासानं सोडतोय?" ते म्हणाले. "तू ये. दोघं मिळून सोडू."